रसमड्याची पहाट : पळायचे खरे, पण उठवणार कोण?

थंडीत पहाटे उठून पळण्याचा संकल्प दर वर्षी होतो आणि दर वर्षी पांघरुणातच विरघळतो. दुर्ग-भिलाईजवळच्या एका लहानशा गावातली हिवाळी सकाळ या संकल्पाविषयी काही वेगळेच सांगून जाते.

मुंबईहून हावड्याकडे जाणारी गाडी गोंदिया सोडून पूर्वेला निघाली की आमगाव, सालेकसा मागे पडतात. दरेकसाच्या जंगलात महाराष्ट्र संपतो आणि छत्तीसगड सुरू होते. डोंगरगडच्या टेकडीवरचे बम्लेश्वरीचे देऊळ दिसते, मग राजनांदगाव येते आणि त्यानंतर, दुर्गच्या अलीकडे, शेवटचे छोटेसे स्टेशन लागते. त्याचे नाव रसमडा. मोठ्या गाड्या इथे थांबत नाहीत. पाटी वाचून होईपर्यंत ती मागे गेलेली असते. पाठोपाठ शिवनाथ नदीचा पूल येतो आणि प्रवासी सामान आवरू लागतात, कारण दुर्ग आलेले असते.

ज्या गावाकडे खिडकीतून कुणी दोनदा पाहत नाही, त्या गावी मुद्दाम कशाला जायचे? पाहण्यासारखे इथे काय आहे? किल्ला नाही, लेणी नाहीत, प्रसिद्ध तळेही नाही. पण डिसेंबर-जानेवारीतली इथली पहाट एकदा अनुभवावी अशी आहे, विशेषतः ज्यांनी दिवाळीनंतर पळण्याचे नवे बूट घेतले आणि संक्रांतीपर्यंत ते खोक्यातच ठेवले, अशांनी.

पहाटे साडेपाचला रसमड्यात अंधारच असतो. धानाची कापणी आटोपून शेते मोकळी झालेली असतात. काही बांध्यांमध्ये लाखोळीची हिरवी पालवी दवाने ओली झालेली असते. तिला इथे तिवरा म्हणतात. खळ्यावर रचलेल्या तणसाचा वास हवेत असतो. कुठे अंगणात गोरसी, म्हणजे मातीची शेगडी, पेटवलेली असते आणि तिच्याभोवती शाल गुंडाळलेली म्हातारी माणसे हात शेकत बसलेली असतात. नदीच्या बाजूला धुक्याचा पांढरा पट्टा आणि दुसऱ्या बाजूला कारखान्यांच्या चिमण्यांवरचे लाल दिवे. मधूनच कोळशाची लांबलचक मालगाडी धडधडत जाते आणि ती गेल्यावर शांतता आधीपेक्षा जास्त जाणवते.

याच शांततेत रस्त्यावरून पावलांचा आवाज येऊ लागतो. आधी दोघांचा, मग पाच-सहा जणांचा. तोंडातून वाफा सोडत, डोक्याला मफलर किंवा माकडटोपी बांधून पळणारी तरुण मुले. दुर्ग ते राजनांदगाव या पट्ट्यातल्या गावांमध्ये हिवाळ्याच्या पहाटे हे दृश्य सहज दिसते. कुणी पोलीस भरतीच्या तयारीत असतो, कुणी लष्कराच्या, कुणी निमलष्करी दलाच्या.

थंडी थोडी, बहाणे फार

आधी थंडीचा हिशेब करू. दुर्ग-भिलाई भागात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान साधारण १२-१३ अंशांच्या आसपास असते. उत्तरेकडून थंडीची लाट आली तर ते १० अंशांच्या खाली उतरते. दुपारी मात्र २७-२८ अंशांचे छान ऊन पडते. याच गावात मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांवर चढतो आणि सकाळी आठनंतर रस्त्यावर पाऊल टाकवत नाही. पावसाळ्यात शेतवाटांवर चिखल. म्हणजे वर्षभरात पळण्यासाठी खरा सोयीचा काळ कोणता म्हणाल, तर हाच.

याला शास्त्राचाही आधार आहे. पळताना शरीर जी ऊर्जा वापरते, तिचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. ही उष्णता बाहेर टाकणे हेच पळणाऱ्याच्या शरीराचे मोठे काम असते. उन्हाळ्यात ते काम जड जाते, हृदयावर ताण येतो आणि दम लवकर लागतो. थंड हवेत तेच काम सोपे होते. मॅरेथॉनच्या लांब शर्यतीत १० अंश किंवा त्याहून थोडे कमी तापमान धावपटूंना मानवते, असे अभ्यासकांना आढळले आहे. आपल्याकडची पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली, ती साधारणपणे डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ठरलेली. मुंबईची मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली, ती साधारणपणे जानेवारीत होते. आयोजकांनी हे महिने उगाच निवडलेले नाहीत.

मग अडते कुठे? अडते पांघरुणात. रात्रभर अंगाच्या उबेने तापलेली रजई आणि खोलीतली गार हवा यांच्यातला फरक हाच काय तो हिवाळ्याचा खरा कडाका. घराबाहेर पडून दहा मिनिटे झाल्यावर थंडी वाजल्याची तक्रार सहसा कुणी करत नाही. तक्रार असते ती अंथरुणात पडल्या पडल्या केलेली. त्या क्षणी मन मोठे हुशार होते. काल उशिरा झोपलो, आज घसा जरा खवखवतोय, उद्यापासून नक्की, पौर्णिमा झाली की, संक्रांत झाली की. आणि दिवस लहान असल्यामुळे खिडकीबाहेरचा अंधारही बहाण्याला साथ देतो.

घराघरांत याच दिवसांत डिंकाचे आणि मेथीचे लाडू वळले जातात. हे लाडू पहाटे उठून शेतात, खळ्यावर राबणाऱ्या माणसांसाठी होते. आता आपण ते खातो आणि पांघरुणात शिरूनच पचवतो. तराजूचा काटा पुढे सरकला की दोष लाडवाला!

एकाची जिद्द, सगळ्यांचा नेम

रसमड्याच्या रस्त्यावर पळणाऱ्या मुलांकडे पाहून पहिला विचार येतो तो त्यांच्या जिद्दीचा. नोकरीची गरज माणसाला उठवते, हे खरेच आहे. लष्कराच्या भरती मेळाव्यात १६०० मीटरची धाव असते. महाराष्ट्राच्या पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर पळावे लागते. इथे काही सेकंदांनी घराचे भवितव्य बदलते. चार-सहा एकर धानाच्या शेतीवर भागत नाही आणि कारखान्यातले काम कंत्राटी. खाकी किंवा हिरवी वर्दी म्हणजे पगार आणि बहिणीच्या लग्नाची सोय. असे कारण उशाशी असले की गजराची गरज काय?

पण थोडे बारकाईने पाहिले की आणखी एक गोष्ट लक्षात येते. ही मुले क्वचितच एकटी असतात. कुठल्यातरी पुलिया किंवा झाडाजवळ ती जमतात. इकडे लहान मोरीला पुलियाच म्हणतात. एखादा आला नाही तर त्याच्या दाराशी जाऊन हाक मारली जाते. ती हाक आतल्या मुलाला ऐकू येते, त्याच्या आईला ऐकू येते आणि शेजाऱ्यांनाही. अशा हाकेनंतर रजईत पडून राहणे अवघड असते. ज्याचा आज अजिबात मूड नाही तोही उठतो, कारण बाहेर चार जण थंडीत उभे आहेत आणि ते आपल्यासाठी उभे आहेत.

हिवाळ्यात पळण्याची प्रेरणा आपण मनाच्या आत शोधत बसतो. ती बऱ्याचदा दाराबाहेर उभी असते.

सियाचिनपासून हाकोनेपर्यंत

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले मांडवा हे असेच एक लहान गाव. तिथल्या शेतकरी घरातला अविनाश साबळे बारावीनंतर लष्कराच्या महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. २०१३-१४ मध्ये त्याची नेमणूक सियाचिनला होती. जिथे उणे तापमानात श्वास घेणेही कष्टाचे, तिथे त्याने दिवस काढले. पुढे राजस्थानच्या वाळवंटात आणि सिक्कीममध्ये नोकरी केली. क्रॉसकंट्री शर्यतींत तो उतरला २०१५ मध्ये, लष्करात असतानाच. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक त्याने मिळवले आणि २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. साबळेच्या अंगी असामान्य गुण आहेत, यात शंका नाही. पण छावणीत पहाटे उठण्याचा निर्णय रोज नव्याने घ्यावा लागत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. शिट्टी वाजते आणि सगळी रांग उभी राहते.

जपानमध्ये तर ही गोष्ट साऱ्या देशाचा सण झाली आहे. तिथे २ आणि ३ जानेवारीला, ऐन कडाक्याच्या थंडीत, विद्यापीठांच्या संघांची हाकोने एकिदेन नावाची शर्यत होते. ती १९२० पासूनची आहे. टोकियोपासून डोंगरातल्या हाकोनेपर्यंत जायचे आणि दुसऱ्या दिवशी परतायचे, असे एकूण सुमारे २१७ किलोमीटर अंतर दहा धावपटू वाटून घेतात. प्रत्येकाच्या खांद्यावरून एक कापडी पट्टी असते. आपला टप्पा संपला की ती घामाने भिजलेली पट्टी पुढच्याच्या हाती द्यायची. नवीन वर्षाच्या सुटीत घरोघरी माणसे टीव्हीसमोर बसून ही शर्यत पाहतात. दमलेला धावपटू शेवटचे शंभर मीटर कसाबसा पार करतो, कारण रस्त्याच्या वळणावर हात पुढे करून कुणीतरी त्याची वाट पाहत असतो.

रसमड्याच्या पुलियाजवळ उभ्या असलेल्या मुलांच्या खांद्यावर पट्टी नसते, पण गोष्ट तीच.

घरातली सकाळ कुणाची?

शिवनाथ ओलांडून दुर्ग आणि तिथून भिलाईत आले की चित्र बदलते. सोव्हिएत संघाच्या मदतीने इथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या सगळ्या प्रांतांतून माणसे इथे कामाला आली. विदर्भ तर शेजारीच, त्यामुळे मराठी घरेही बरीच. तसा हा भाग मराठी माणसाला परका नाहीच. १७४१ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा इकडे येत होत्या आणि १८५४ पर्यंत छत्तीसगड नागपूरच्या राज्याला जोडलेले होते. राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात हिंदीतले मोठे कवी गजानन माधव मुक्तिबोध शिकवत असत. त्यांचे घर मराठीच.

भिलाईच्या सेक्टरांमधले रस्ते रुंद, सरळ आणि झाडांच्या सावलीतले. पळण्यासाठी याहून चांगली जागा कुठली? आणि हिवाळ्याच्या सकाळी माणसे तिथे पळतात, चालतातही. त्यांत निवृत्त कर्मचारी असतात, विद्यार्थी असतात, मधुमेहाच्या भीतीने डॉक्टरांनी घराबाहेर काढलेले गृहस्थ असतात. स्त्रियाही दिसतात, पण त्या बहुतेक चालताना दिसतात, आणि पस्तिशी-चाळिशीतल्या गृहिणी तर त्यांतही कमी.

कारण शोधायला लांब जायला नको. पाळीवर चालणाऱ्या कारखान्यात सकाळची पाळी लवकर सुरू होते. अशा घरातल्या बाईला थंडीत लवकर उठण्यासाठी प्रेरणा कशी मिळवावी असा प्रश्न विचारला, तर ती हसेल. ती साडेचारला उठलेलीच असते. डबा, चहा, गिझर किंवा बंबाचे पाणी, मुलांचे स्वेटर, शाळेची बस. तिची अडचण पांघरूण सोडण्याची नाहीच. तिची अडचण उंबरा ओलांडण्याची आहे.

आणि समजा ती एक दिवस बूट घालून निघालीच, तर प्रश्न सुरू होतात. “अगं, एवढ्या थंडीत कुठे निघालीस?” “दूध कोण तापवणार?” “अंधारात एकटी जाऊ नकोस बाई.” यातली शेवटची काळजी खोटी नाही. निर्जन रस्ता, भटकी कुत्री, भरधाव ट्रक हे धोके आहेतच. पण त्या काळजीपोटी कुणी तिच्याबरोबर जायला निघाले आहे, असे फारसे दिसत नाही. काळजी सांगून सगळे पुन्हा पांघरुणात शिरतात.

नवऱ्याच्या पळण्यासाठी सारे घर शांत राहते. त्याचे मोजे वाळलेले असतात, परतल्यावर चहा तयार असतो. त्याची प्रेरणा टिकवणारी एक व्यक्ती घरात आधीच जागी असते. तिच्यासाठी तेच काम कोण करते? आठवड्यातले तीन दिवस, फक्त चाळीस मिनिटे, दूध आणि डबा दुसऱ्या कुणी सांभाळला, तर हिवाळ्यातल्या पळण्याचे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम शेजारणीचे. दोघी-तिघींनी ठरवून निघावे, एकमेकींच्या दारावर टकटक करावी. चारचौघी रोज त्याच रस्त्याने दिसू लागल्या की रस्त्यालाही त्यांची सवय होते.

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत पहिली आली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. १९८४ मध्ये पी. टी. उषाने ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली, त्यानंतर ट्रॅकवर तिथपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच भारतीय स्त्री. दुष्काळी गावातल्या मुलीला घरच्यांनी पळू दिले म्हणून हे घडले. सगळ्यांनाच ऑलिंपिक गाठायचे नसते, पण पळू देणारे घर सगळ्यांनाच लागते.

धूर, धुके आणि घड्याळ

रसमड्याच्या पहाटेचे कौतुक करताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. रसमडा आणि त्याला लागून असलेला बोरई हा औद्योगिक पट्टा आहे. लोखंडाच्या धंद्यातले कारखाने इथे आहेत आणि मागे भिलाईचा अजस्र कारखाना. हिवाळ्यात रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. मग धूर वर जाऊ शकत नाही. तो धुक्यात मिसळून खालीच रेंगाळतो. सकाळी उशिरापर्यंत तोंडासमोर दिसणारा करडा पडदा सगळाच दवाचा नसतो.

पळताना माणूस बसलेल्या माणसाच्या कित्येक पट हवा आत ओढतो, तीही बहुधा तोंडाने. म्हणून “जितक्या पहाटे तितके चांगले” हा आपला जुना नियम कारखान्यांच्या जवळ राहणाऱ्यांनी थोडा बदलायला हवा. सूर्य वर येऊन जमीन तापू लागली की ते झाकण हळूहळू उघडते. इथे एक सोय निसर्गानेच केली आहे. दुर्ग हे मुंबईच्या बरेच पूर्वेला आहे. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आगेमागे उगवतो, तर इथे पावणेसातच्या सुमारास. अर्धा तास आधी उजाडते. तेव्हा अंधारात घाई करण्यापेक्षा ऊन अंगावर घेत आठच्या सुमारास पळालेले बरे. सुटीच्या दिवशी तर हे सहज जमते. धुराचा वास येत असेल, डोळे चुरचुरत असतील, तर त्या दिवशी पळणे सोडून घरातच दोरीवरच्या उड्या किंवा सूर्यनमस्कार घालावेत. नेम मोडला असे होत नाही.

दमा असणाऱ्यांनी जास्त जपावे, कारण थंड आणि कोरडी हवा श्वासनलिका आकसवते. ज्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे, किंवा चाळिशीनंतर जे पहिल्यांदाच सुरुवात करत आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि सकाळच्या वेळी रक्तदाब तसाही वाढलेला असतो. अशा वेळी उठल्या उठल्या जोरात पळणे योग्य नाही.

आणखी एक धोका रसमड्यासारख्या स्टेशनालगतच्या गावांचा. रुळांच्या कडेची वाट सपाट आणि मोकळी दिसते, म्हणून मुलांना तिथे पळण्याचा मोह होतो. धुक्यात येणारी गाडी दिसत नाही आणि कानावर मफलर असला की ऐकूही येत नाही. तो मोह टाळलाच पाहिजे. रस्त्याने पळतानाही उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे पळावे आणि अंगावर फिकट, उजळ रंगाचे कपडे असावेत.

पहिली दहा मिनिटे

ज्यांना हाक मारणारे मित्र अजून मिळालेले नाहीत, त्यांनी काय करावे? काही साध्या युक्त्या आहेत आणि त्या कुठल्याही गावात चालतात.

निर्णय रात्रीच घ्यावा. पळण्याचे कपडे उशाशी, मोजे बुटात आणि बूट दाराशी. सकाळी विचार करायला काहीच शिल्लक ठेवू नये. अंथरुणात केलेला विचार नेहमी पांघरुणाच्या बाजूने निकाल देतो.

मनाशी करार फक्त दहा मिनिटांचा करावा. दहा मिनिटांनंतर परत यायची मुभा ठेवावी. सुरुवातीची तीन-चार मिनिटे घरातच हातपाय हलवून, जागच्या जागी पावले उचलून अंग मोकळे करावे, मग चालावे आणि मग हळूहळू पळावे. दहाव्या मिनिटाला अंगात ऊब आलेली असते आणि परत फिरावेसे क्वचितच वाटते. उत्साह आल्यावर पळू, असे म्हणणारा वाट पाहत राहतो. पळू लागलेल्याकडे उत्साह मागाहून येतो.

कपडे बेताने घालावेत. दारातून बाहेर पडताना किंचित गार वाटले पाहिजे. जाड स्वेटर घातला तर पाचव्या मिनिटाला तो ओझे होतो. एकावर एक असे दोन हलके कपडे, कान झाकणारी टोपी आणि लागल्यास हातमोजे पुरतात. परत आल्यावर मात्र घामाने ओला झालेला बनियन लगेच बदलावा. थंडी बाधते ती पळताना नाही, ओल्या कपड्यांत गप्पा मारत उभे राहिल्यावर. हिवाळ्यात तहान लागत नाही, तरी घाम जातोच, म्हणून कोमट पाणी आठवणीने प्यावे.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पळालेल्या दिवसावर एक खूण करावी. घरातल्या लहान मुलाकडे हे काम सोपवले तर उत्तमच. “बाबा, काल खूण नाही झाली!” असे त्याने सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर विचारले की भल्याभल्यांचे बहाणे गळून पडतात. आणि एखादा दिवस चुकलाच तर सगळा नेम सोडून देऊ नये. एक दिवस चुकणे ही सुटी असते. लागोपाठ तीन दिवस चुकले तर ती सवय होते.

जाल तेव्हा

दुर्गला मुंबईहून आणि नागपूरहून थेट गाड्या आहेत. नागपूर ते दुर्ग हे अंतर सुमारे २६५ किलोमीटर. विमानाने यायचे तर रायपूरला उतरून रस्त्याने दुर्ग गाठावे लागते. राहण्याची सोय दुर्ग-भिलाईत चांगली होते. रसमड्याला मात्र लोकल गाडीने किंवा रिक्षाने जावे. नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ उत्तम. पौषातल्या पौर्णिमेला आलात तर छेरछेरा हा इथला सण पाहायला मिळेल. नव्या धानाच्या आनंदात मुले टोळीने दारोदार जाऊन धान मागतात आणि कुणी त्यांना रिकाम्या हाताने पाठवत नाही. सकाळी पळून आल्यावर तांदळाच्या पिठाचा गरम चिला किंवा वाफवलेला फरा आणि सोबत टोमॅटोची तिखट चटणी खावी. कष्ट करून आलेल्याला त्याची चव वेगळीच लागते.

शिवनाथच्या काठावर सकाळी आठला उभे राहिले की धुके विरलेले असते. गडचिरोलीला लागून असलेल्या पानाबरसच्या डोंगराळ भागातून निघालेली ही नदी हिवाळ्यात संथ आणि उथळ असते. पुलावरून गाडी जाते आणि खिडकीत बसलेले प्रवासी सामान आवरत असतात. रस्त्यावर परतणारी मुले आता पळत नसतात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालत असतात. कुणाची वेळ चार सेकंदांनी सुधारलेली, कुणाची तशीच. पुलियाजवळ आल्यावर ती पांगतात आणि जाता जाता उद्या कुणी कुणाला उठवायचे ते ठरवतात.

तेवढेच आपल्याही हाती आहे. उद्या पहाटे कुणाच्या तरी दारावर टकटक करून पाहा. फक्त आज रात्री त्याला आधी सांगून ठेवा, म्हणजे झाले!